राजारामपुरीतल्या घरी प्रॉक्समॉक्सवर (एका संगणकावर अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली) ओपीएनसेन्स हा फायरवॉल-राउटर चालवतो. दोन्हीकडे व्हीलॅन २० (कॅमेऱ्यांसाठीचे वेगळे आभासी नेटवर्क) लिहूनही कॅमेऱ्यांना आयपी पत्ता का मिळत नाही?

प्रॉक्समॉक्समधील आभासी नेटवर्क कार्डाच्या ‘व्हीलॅन टॅग’ या रकान्यातला २० काढून तो रिकामा ठेवावा आणि ते कार्ड ज्या ब्रिजला (प्रॉक्समॉक्समधील आभासी स्विचला) जोडले आहे त्याचा ‘व्हीलॅन अवेअर’ हा पर्याय चालू करावा. रकान्यात २० असला की ब्रिज फ्रेमवरील (नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या पुडक्यावरील) टॅग, म्हणजे व्हीलॅनचा क्रमांक, उतरवूनच ती ओपीएनसेन्सकडे देतो. तिकडे व्हीटीनेट१ वर (ओपीएनसेन्सला दिसणाऱ्या त्याच कार्डावर) बांधलेला व्हीलॅन २० मात्र टॅगचीच वाट पाहत बसतो, त्यामुळे डीएचसीपीची (आपोआप आयपी मागण्याची) विनंती त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. शाहूपुरीत माझ्या घरी हीच मांडणी असून, प्रॉक्समॉक्सवर टीसीपीडम्प हे वाहतूक दाखवणारे साधन लावून त्या कार्डाचा टॅप इंटरफेस (कार्डाचे प्रॉक्समॉक्सकडील टोक) पाहिला तेव्हा टॅगविना आलेल्या विनंत्या स्पष्ट दिसल्या होत्या. स्विचवर प्रॉक्समॉक्सकडे जाणारा पोर्ट २० साठी टॅग्ड, कॅमेऱ्यांचे पोर्ट अनटॅग्ड आणि त्यांचा पीव्हीआयडी (टॅगविना येणारी वाहतूक कोणत्या व्हीलॅनची धरायची तो क्रमांक) २० हवा. हा पीव्हीआयडी हमखास विसरला जातो. मात्र एवढ्याने, त्या इंटरफेसवर डीएचसीपी सुरू असल्यास, केवळ आयपी मिळेल. नव्या इंटरफेसवरून येणारी बाकीची वाहतूक ओपीएनसेन्स नियम लिहीपर्यंत अडवतो, आणि कॅमेऱ्यांच्या बाबतीत ते तसेच राहू दिलेले बरे. फार तर घड्याळ जुळवण्यासाठी एनटीपीपुरता एक नियम द्यावा.