बेनिग्नंट म्हणजे काय? काइंडच्या जागी तो वापरता येतो का?

निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापिकांच्या इंग्रजी मानपत्रात काइंड काढून बेनिग्नंट घातला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चालेल, पण जागा बघून.

काइंड कुणीही असू शकतं. पणजीच्या स्टँडवर धापा टाकत येणाऱ्या म्हातारीसाठी कदंबची बस थांबवून धरणारा कंडक्टर काइंडच. त्याला बेनिग्नंट म्हटलं, तर इंग्रजी जाणणारा अडखळेल. या शब्दात वडीलकी आहे. वयानं, मानानं किंवा अधिकारानं मोठ्या असलेल्या माणसाची धाकट्यांवरची शांत, मायेची दृष्टी, असा त्याचा रोख. म्हणून तो राजाला, आजीला, गुरूला, देवाला लागतो. आणि त्यांच्या कृतीपेक्षा चेहऱ्याला, हसण्याला, नजरेला अधिक शोभतो. आपल्या गोव्यातल्या कवळ्याच्या शांतादुर्गा देवीपुढे कधी उभे राहिला असालच. शिव आणि विष्णू यांचं भांडण मिटवणारी, म्हणून ती शांता. तिच्या मुखावरच्या ज्या भावाला आपण प्रसन्न म्हणतो, त्यासाठी इंग्रजीत मला यापेक्षा नेमका शब्द सापडलेला नाही.

बायॉप्सीच्या रिपोर्टात ‘गाठ बिनाइन आहे’, म्हणजे निरुपद्रवी आहे, असं येतं ना, तो याचाच सख्खा भाऊ. त्याच्या उलट अर्थाचा मॅलिग्नंट, म्हणजे घातक, आधीपासून होताच. त्याच्या जोडीला बिनाइनपासून बेनिग्नंट घडला, तो १८व्या शतकाच्या उत्तरार्धात. गाठीबद्दल लिहिताना मात्र बिनाइनच लिहा. बिनाइनमध्ये ‘ग’ गिळला जातो, इथे तो स्वच्छ उच्चारायचा आणि जोर ‘निग्’वर द्यायचा. आपल्याकडे पोर्तुगीज शिकलेल्या जुन्या मंडळींना हे सांगावं लागत नाही, कारण पोर्तुगीज ‘बेनिग्नु’त तो ‘ग’ ऐकू येतोच.

बेनेव्हलंट आणि बेनेफिसंट यांच्याशी गल्लत करू नका. पहिला भलं चिंतणारा, दुसरा प्रत्यक्ष भलं करणारा. शाळेला जमीन देणारा दाता बेनेफिसंट.

आता तुमचं मानपत्र. बाईंनी एखाद्या मुलाची फी भरली असेल, तर तिथे काइंड किंवा जनरस हवं. ‘इट वॉज बेनिग्नंट ऑफ हर’ हे कानाला खटकतं. त्याऐवजी असं लिहा: ‘अंडर हर बेनिग्नंट गेझ, इव्हन द शायेस्ट चाइल्ड लर्न्ट टू स्पीक.’ वर्गात मागच्या बाकावर मान खाली घालून बसणारं पोर, आणि त्याच्याकडे बघून नुसतं हसणाऱ्या बाई, एवढं या ओळीत येतं. शब्द एकदाच वापरा. तो जुन्या वळणाचा आहे, दुसऱ्यांदा आला की मानपत्र जड होतं.

आणि बाई कडक शिस्तीच्या असतील, आतून प्रेमळ पण चेहऱ्यावर दाखवत नसतील, तर बेनिग्नंट अजिबात घालू नका. त्यांनी कुणासाठी काय केलं, ते साध्या शब्दांत लिहा.