कोरफडीचं क्रीम फाटलं का नासलं?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी आर्णी तालुक्यातली. आमच्या बचत गटात आम्ही कोरफडीचा गर, खोबरेल तेल आन् मधमाशीचं मेण घालून क्रीम बनवून राहिलो, टाचेच्या भेगांले लय गुण येते. पण दीड महिन्यात वर पाणी सुटलं आन् आंबूस वास आला. व्हिटॅमिन ईच्या गोळ्याबी फोडून टाकल्या होत्या. टिकते का नाही हे घरी तपासाचं कसं? पोळ्याच्या आधी बाजारात बसाचा विचार आहे.

उत्तर: ताई, पहिले तर ती डबी फेकून द्या, वरचं पाणी काढून खालचं लावू नका. क्रीमचं फाटणं वेगळं आन् नासणं वेगळं, आणि तुमचं दोन्ही झालं असं दिसते.

फाटलं कारण नुसतं मेण तेल-पाण्याले बांधून ठेवत नाही, त्याले इमल्सिफायिंग वॅक्स लागते. हे घरी तपासता येते. एकाच वेळी बनवलेल्या क्रीमच्या तीन डब्या भरा, तारीख टाका, एक फ्रिजमध्ये, एक कपाटात, एक टिनाच्या खोलीत. कंपन्या 40-45 डिग्रीत तीन महिने ठेवून पाहतात, आपल्याकडं मे महिन्यात तेवढं फुकटात भेटते! चौथी डबी रातभर फ्रीजरमध्ये आन् दिवसभर बाहेर, असं तीनदा करा. दर आठवड्याले झाकण उलटं करून पाहा, आतून पाण्याचे थेंब जमतात, तेच क्रीमवर पडतात आन् तिथंच बुरशी धरते. माझ्या आत्तेबहिणीच्या डबीत असाच मोहरीएवढा करडा ठिपका होता, तिनं तेवढा खरडला आन् बाकीचं लेकराच्या गालाले लावलं, मले अजून वाईट वाटते की मी तिले आधी सांगितलं नाही.

कारण नासणं दरवेळी डोळ्यांनं कळत नाही. वास-रंग ठीक असला तरी आत जंतू वाढलेले असू शकतात, आन् भेगा म्हणजे उघडी कातडीच. व्हिटॅमिन ई तेल खवट होऊ देत नाही, जंतूले काही करत नाही. पाणी किंवा गर असला की प्रिझर्व्हेटिव्ह (जंतू वाढू न देणारं द्रव्य) पाहिजेच, जसं फेनॉक्सीएथेनॉल, पण 100 ग्रॅमले 1 ग्रॅमच्या वर नाही, तेबी बारीक काट्यावर मोजून, चमच्याच्या अंदाजानं नाही. आन् ते टाकलं तरी जंतूंची तपासणी लॅबमध्येच होते.

माझं ऐकाल तर गर सोडा, मलम करा. एक भाग मेण, तीन भाग तेल, मंद आचेवर पाण्यात भांडं ठेवून वितळवा. मेण 62-64 डिग्रीले वितळते म्हणून उन्हाळ्यात नरम पडलं तरी पाणी होऊन वाहत नाही. डब्या कोरड्याठाक पाहिजेत, ओल्या बोटानं काढू नका.

आन् विकाचं असन तर मलम असो का क्रीम, कॉस्मेटिक्स रूल्स 2020 प्रमाणं बनवायचं लायसन्स लागते. पोळ्याची घाई करू नका, आधी जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसात विचारून या.