पुण्याला न जाता जर्मन येईल का?

भाषा शिकण्या-शिकवण्याविषयीची पत्रं साठली होती. त्यातली काही निवडून या अंकात उत्तरं देते आहे. मी जळगावात जर्मन शिकवते आणि जपानी बऱ्यापैकी शिकले आहे. बाकी भाषांबद्दल त्या त्या भाषा शिकवणाऱ्या मैत्रिणींना विचारूनच लिहिलं आहे.

ताई, मी चोपड्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. जर्मन शिकायची फार इच्छा आहे. घरी केळी आहे, पण यंदा भाव पडले, त्यामुळे पुण्यात राहून क्लास लावणं शक्य नाही. यूट्यूबवर सुरुवात केली, पण पुढे काही सरकेना. घरी बसून जर्मन येईल का?

येईल. पण कुठपर्यंत येईल ते नीट समजून घे. युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या मानतात: ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. यातल्या पहिल्या दोन तू चोपड्यात बसून जवळपास फुकटात चढशील. बी१ला कुणीतरी चुका दाखवणारं हवं, आणि बी२ शिक्षकाशिवाय होईल असं मला वाटत नाही. म्हणून माझं सगळ्या मुलांना एकच सांगणं असतं, की पैसे सुरुवातीला घालवू नका, वरच्या पायऱ्यांसाठी राखून ठेवा. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. पुण्यात खोली घेऊन, मेस लावून मुलं मुळाक्षरं आणि आकडे शिकतात, आणि जिथे शिक्षकाची खरी गरज लागते तिथे पैसे संपल्यामुळे घरी परततात. हे बघून जीव तुटतो.

यूट्यूबवर तुझं अडलं, कारण तिथले व्हिडिओ एकमेकांना धरून नसतात. आज सर्वनामं, उद्या ‘रोजची उपयोगी वाक्यं’. क्रमाने नेणारं एकच काहीतरी धर. डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा ‘निकोस वेग’ हा ए१ ते बी१पर्यंतचा अभ्यासक्रम फुकट आहे. निको नावाचा स्पॅनिश तरुण जर्मनीत येतो, येताच त्याची बॅग हरवते आणि गोष्ट सुरू होते. जोडीला केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर आयआयटी मद्रासचा जर्मनचा अभ्यासक्रम बघ. शिकायला पैसे नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला तेवढे लागतात.

आता अभ्यास कसा करायचा. माझ्या वर्गात मी प्रत्येक भाग आधी आवाज बंद करून दाखवते. ही बाई रागावली आहे की घाबरली आहे, हा पोरगा काय मागतोय, हे मुलं नुसत्या चेहऱ्यांवरून ओळखतात. मग आवाजासह बघायचं. मग एकेक वाक्य थांबवून मागोमाग म्हणायचं, मोठ्याने. शेवटी पुन्हा आवाज बंद करायचा आणि दोघींनी मिळून पडद्यावरच्या माणसांचं बोलणं स्वतः बोलायचं. दोन-तीन मिनिटांच्या भागाला तासभर सहज जातो, आणि तो जाऊ द्यावा. हे एकटीला जमत नाही, म्हणून कॉलेजातली एखादी मैत्रीण सोबत घे. ती मिळेपर्यंत स्वतःचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून मूळ आवाजाशी ताडून बघ. जर्मनमध्ये एक स्वर असा आहे की ओठ ‘ऊ’ म्हणताना करतो तसे गोल करायचे आणि आतून ‘ई’ म्हणायचं. आरशासमोर उभी राहून कर, ओठ सैल पडले की लगेच दिसतं.

नाम पाठ करशील तेव्हा त्याचं लिंग सोबतच पाठ कर. मराठीतही तीन लिंगं असल्यामुळे आपल्या मुलांना याचं दडपण येत नाही, पण नेमका तिथेच घात होतो. ‘ते टेबल’ जर्मनमध्ये पुल्लिंगी आहे. मराठीचं लिंग जर्मनला लावायचं नाही.

आणि परीक्षेची तारीख आधी ठरव. तारीख नसली की घरी केलेला अभ्यास लांबत जातो. गोएथे-इन्स्टिट्यूट, म्हणजे आपण ज्याला मॅक्स म्युलर भवन म्हणतो ते, पुण्यात आणि मुंबईत आहे. त्यांचा वर्ग न लावताही त्यांच्या परीक्षेला बाहेरून बसता येतं. वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात. बी१ला हे भाग सुटे देता येतात. प्रत्येकात शंभरपैकी ६० लागतात, आणि एखादा राहिला तर तेवढाच पुन्हा द्यायचा. जळगावहून महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट पुण्याला जाते. आदल्या दिवशी पोच, सकाळी उतरून धावत परीक्षेला जाऊ नकोस.

बी१ हाती आलं की मग पुण्याचा विचार कर. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग फर्ग्युसन रस्त्यावर आहे, सगळे त्याला रानडे इन्स्टिट्यूट म्हणतात. भाषेतच पुढे जायचं असेल तर हैदराबादचं इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ आणि दिल्लीचं जेएनयू ही दोन्ही केंद्रीय विद्यापीठं आहेत. जर्मनीतल्या विद्यापीठांच्या उन्हाळी भाषावर्गांसाठी ‘डाड’ ही जर्मन संस्था विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देत आली आहे. त्यासाठी भाषा आधी बऱ्यापैकी यावी लागते. म्हणजे घरी बसून केलेलं काहीच वाया जात नाही.

माझ्या मुलीचं नर्सिंग झालं आहे. एक एजंट म्हणतो, तीन महिन्यांत बी२ करून जर्मनीला पाठवतो, अर्धे पैसे आता द्या. देऊ का? (भुसावळ)

देऊ नका. ज्या मुलीने जर्मनचं एक अक्षर ऐकलेलं नाही तिचं तीन महिन्यांत बी२ होत नाही. आणि परिचारिकेच्या नोंदणीसाठी तिथे बहुतेक ठिकाणी बी२च मागतात, तेव्हा अर्ध्यावर अडकलेल्या मुली मागे राहतात आणि पैसे जातात. मूळ प्रमाणपत्रं आणि पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात देऊ नका. नोंदणी असलेल्या एजंटांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर मिळते, त्यात नाव आहे का बघा. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला आहे. त्यातलं भाषेचं प्रशिक्षण सध्या कुठे चालू आहे, याची चौकशी आपल्या जिल्ह्याच्या डाएटमध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत करा. मुलीला मात्र आजच ए१ सुरू करायला सांगा. वरच्या उत्तरातलं सगळं तिलाही लागू आहे.

मी जळगाव स्टेशनवरून अजिंठ्याला गाडी मारतो. जपानी पाहुणे भेटतात. त्यांच्याशी दोन शब्द बोलता आले तर धंद्याला बरं आणि मलाही आवडेल. शिक्षण बारावी. वय ३४, उशीर झाला का?

भाऊ, मुळीच नाही. लिपीला वेळ लागेल, बोलायला लागणार नाही, कारण वाक्याची बांधणी आपल्यासारखीच आहे. ‘वाताशी वा जळगाव नी सुंदे इमासु’ म्हणजे मी जळगावात राहतो. ‘नी’ आपल्या ‘-त’च्या जागी आला, आणि क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. इंग्रजीवरून शिकायला जाल तर उगाच उलटंपालटं होईल. मराठीवरून सरळ घ्या.

एनएचके वर्ल्ड या जपानी वाहिनीचे सोपे जपानी धडे हिंदीतही आहेत, आवाजासकट आणि फुकट. गाडी रिकामी परत येताना ऐकता येतील. जपान फाउंडेशनचं ‘इरोदोरी’ हे पुस्तकही फुकट उतरवून घेता येतं. त्यात व्याकरणापेक्षा दुकान, दवाखाना, प्रवास असे प्रसंग आहेत.

लोक तुम्हाला जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा द्या म्हणतील. ती जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, पुण्यात आणि मुंबईत केंद्रं आहेत, एन५ ही सर्वांत सोपी पातळी. चांगली परीक्षा आहे, पण तिच्यात बोलण्याचा भागच नाही. विद्यार्थ्याला, नोकरी शोधणाऱ्याला ती हवी. तुम्हाला आधी तोंड उघडायचं आहे, म्हणून परीक्षा पुढे बघू.

तुम्ही भाषेइतकीच त्यांची संस्कृती जाणून घ्या, कारण जळगाव ते अजिंठा साठेक किलोमीटरचा रस्ता तुमच्या हातात असतो. बुद्धाला जपानी लोक ‘शाका’ म्हणतात आणि निर्वाणाला ‘नेहान’. २६ नंबरच्या लेण्यातली निजलेली मूर्ती म्हणजे नेहान, एवढं सांगितलंत तरी पाहुण्यांना कळतं. पहिल्या लेण्यातलं पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र बघून त्यांच्यातल्या जाणत्यांना नाराच्या होर्यूजी मंदिरातली भित्तिचित्रं आठवतात. ती १९४९ च्या आगीत होरपळली, हे दुःख तिथे अजून आहे. आराई काम्पो नावाचे जपानी चित्रकार रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून कोलकात्याला आले होते, ते अजिंठ्यालाही आले आणि त्यांनी इथल्या चित्रांच्या नकला केल्या. पुढे होर्यूजीच्या चित्रांच्या नकला करणाऱ्यांतही तेच होते. आपल्या शेजारच्या डोंगरातून त्यांच्या देशात गेलेला हा धागा तुमच्या तोंडून ऐकायला मिळाला तर पाहुणा तो विसरणार नाही. गाईड म्हणून रीतसर काम करायचं असेल तर परवाना काढावा लागतो, त्याची माहिती पर्यटन खात्याकडून घ्या.

मी धडगाव तालुक्यातल्या पाड्यावर जिल्हा परिषदेचा शिक्षक आहे. मुलं घरी पावरी बोलतात, पहिलीत आली की माझं मराठी त्यांना कळत नाही आणि त्यांचं मला. जगाच्या भाषा शिकण्याच्या संधी तुम्ही सांगता, त्यात माझ्यासारख्याला काय?

गुरुजी, पावरी ही तुमच्यासाठी परकी भाषाच आहे. ती तुम्ही जर्मन शिकावी तितक्याच शिस्तीने शिकायला हवी. मुलांना मराठी शिकवण्याची घाई त्यानंतर करा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत शिक्षण घरच्या भाषेतून व्हावं. पण ती भाषा गुरुजींना यावी याची सोय कुणी करायची? सध्या तरी ती तुम्हालाच करावी लागणार आहे.

वर्ग नाही, पुस्तक नाही, तेव्हा सुरुवात माणसांपासून. पाड्यावरची अंगणवाडी ताई बहुधा दोन्ही भाषा बोलत असेल, तिला गुरू करा. सुटे शब्द विचारू नका, पूर्ण वाक्यं विचारा. वस्तूकडे बोट करून ‘याला काय म्हणतात’ असं विचारलं तर कधी ‘बोट’ याचंच नाव मिळतं. त्यापेक्षा ‘मी बाजारात जातो’, ‘तू बाजारात जातेस’, ‘आई काल बाजारात गेली’, ‘आम्ही उद्या जाऊ’ अशी एकाच घरातली वाक्यं मागा. चार वाक्यं वहीत एकाखाली एक लिहिली की काय बदललं आणि काय तसंच राहिलं, हे डोळ्यांना दिसतं. भाषेचं हाड तिथे असतं. मग एखाद्या आजीची परवानगी घेऊन तिची गोष्ट मोबाइलवर घ्या, चौथीतल्या मुलांच्या मदतीने देवनागरीत उतरवा आणि पहिलीच्या मुलांना वाचून दाखवा. तुमचे उच्चार मुलं सुधारतील, त्यांना सुधारू द्या. गुरुजींना शिकवणारं मूल वर्गात गप्प बसत नाही.

तुमच्यासाठी एक रीतसर संधीही आहे, आणि ती आपल्याकडे फार थोड्या शिक्षकांना ठाऊक आहे. म्हैसूरला १९६९ मध्ये भारतीय भाषा संस्थान सुरू झालं. त्याची प्रादेशिक केंद्रं सेवेत असलेल्या शिक्षकांना दहा महिन्यांच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमात दुसरी भारतीय भाषा शिकवतात. पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आहे, तिथे गुजराती शिकता येते. नंदुरबारच्या शिक्षकाला गुजरातीचा उपयोग काय हे मी सांगायला नको. नवापूरचं स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, घोषणा चार भाषांत होतात. शिक्षण खात्याकडून प्रतिनियुक्ती मिळवावी लागते, त्यात वेळ जातो. अर्ज लवकर करा. त्या दहा महिन्यांत गुजराती तर येतेच, पण दुसऱ्याची भाषा शिकताना आपण कसे चाचपडतो हे अंगावर घेतलेला शिक्षक पाड्यावर परत येतो.

साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात त्यांनी तमिळ शिकायला घेतली, आणि पुढे आंतरभारतीचं, म्हणजे भारतीयांनी एकमेकांच्या भाषा शिकून जवळ येण्याचं, स्वप्न मांडलं. खानदेशातल्या शिक्षकाने दुसऱ्याची भाषा शिकायला बसणं ही इथली जुनी रीत आहे.

मी धुळ्यात कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. वय २७. शिक्षकांना परदेशात जाऊन शिकायला मिळेल असं काही आहे का, की ते फक्त मोठ्या शहरांतल्यांसाठी असतं?

आहे, आणि धुळ्याचा पत्ता आड येत नाही. फुलब्राइट या अमेरिकी सरकारच्या शिष्यवृत्तीचा भाषा अध्यापन सहायक कार्यक्रम बघा. भारतातले तरुण शिक्षक, मुख्यतः इंग्रजीचे, एका शैक्षणिक वर्षासाठी अमेरिकेतल्या विद्यापीठात जाऊन हिंदी, उर्दू, गुजराती, बंगालीसारख्या भाषा शिकवायला मदत करतात आणि स्वतः तिथले वर्गही करतात. भाषांची यादी बदलते, त्या वर्षीची जाहिरात नीट वाचा. वयाची अट २१ ते २९ अशी असते, तेव्हा ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणू नका.

तयारी मात्र वेगळी लागते. मराठीचंच घ्या. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचा मराठीचा वर्ग पुण्यात चालतो, म्हणजे आपली भाषा शिकायला लोक समुद्र ओलांडून येतात. त्यातला एखादा विचारेल, ‘मी आंबा खाल्ला’ पण ‘मी पोळी खाल्ली’ का? खाणारी तर मीच, मग क्रियापद पोळीमागे का जातं? आणि ‘मी पोळी खाते’ म्हणताना का जात नाही? आपण जन्मभर बरोबर बोलतो, पण कारण सांगता येत नाही. ते सोप्या उदाहरणांतून सांगता येणं हेच या कामाचं कौशल्य. हिंदीतही हाच प्रश्न ‘ने’च्या रूपाने उभा राहतो. एका पानावर, पाठ्यपुस्तकातले शब्द न वापरता, हे समजावून लिहा. लिहून झालं की मला पाठवा, मी वाचून कळवते.