मेळघाटात दिवसभर फिरतीची नोकरी आहे, कामासाठी फोन कोणता घ्यावा?

कॅमेरा नंतर बघा, आधी बॅटरी: 5000 एमएएचच्या खाली जाऊ नका. दोन सिम वेगवेगळ्या कंपन्यांची घ्या. धारणी-चिखलदऱ्याकडे एकाची रेंज गेली तर दुसऱ्याची मिळू शकते. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, पण नकाशा उघडायला लागतं, म्हणून तो आदल्या रात्रीच डाउनलोड करून ठेवा.

खरा त्रास उन्हाचा. विदर्भात मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, आणि अ‍ॅपलसुद्धा आयफोन वापरायला 35 अंशांपर्यंतचीच मर्यादा सांगते. गाडीच्या डिक्कीत तापलेला फोन तसाच चार्जिंगला लावू नका, अशानं बॅटरी लवकर बसते. आधी सावलीत निवू द्या.

आणि रात्री ऑफिसचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बिनधास्त म्यूट करा. अर्जंट असेल तर साहेब फोन करतातच.