शंका-समाधान : जुन्या अ‍ॅडव्हेंचर गेमला नवा मुलामा

माउसने टिचक्या मारत, वस्तू गोळा करत, पात्रांशी गप्पा मारत पुढे सरकायचे जुने गेम रीमास्टर होऊन, म्हणजे चित्र-आवाजाला नवा मुलामा चढवून आले आणि कॉलेजात असताना ते खेळलेली मंडळी पुन्हा त्यांत अडकली. या अंकासाठी निवडलेली पाचही पत्रं पुणे आणि पिंपरी-चिंचवडचीच आहेत.

'डे ऑफ द टेंटॅकल'ची रीमास्टर्ड आवृत्ती घेतली. लॅव्हर्न भविष्यात झाडाला लटकलेली आहे, ती काही केल्या खाली येत नाही. पूर्वी हे कसं सोडवलं होतं ते अजिबात आठवत नाही. आणि जुनी चित्रं परत आणता येतात का?
– एक वाचक, कोथरूड

चित्रांचं आधी सांगतो. एफ-1 दाबा, 1993 सालचं ठिपक्यांचं चित्र समोर येतं. पुन्हा दाबा, 2016 चं नव्याने रेखाटलेलं. चित्र, आवाज आणि आज्ञांची पट्टी यांतलं काय जुनं ठेवायचं आणि काय नवं, हे सेटिंगमध्ये वेगवेगळं ठरवता येतं. आमची शिफारस : चित्र जुनं, पट्टी नवी. जुन्या पट्टीत 'उघड', 'ढकल', 'ओढ' अशा नऊ आज्ञा कायम खालची जागा अडवून बसतात. नव्यात वस्तूवर टिचकी मारली की तिला लागू पडणाऱ्या आज्ञाच दिसतात. सोय मोठी आहे, पण कोडं थोडं सोपं होतं. 'ढकल' दिसलं की ढकलायचं असणार, हे कळतंच.

आता झाड. खेळातली पात्रं वेगवेगळ्या काळांत अडकली आहेत : लॅव्हर्न दोनशे वर्षं पुढे, होगी दोनशे वर्षं मागे. तिच्या काळात काहीही करून उपयोग नाही, झाड तोडायचं ते होगीच्या काळात. तिथे घरात जॉर्ज वॉशिंग्टन बसलेला आहे. लहानपणी त्याने वडिलांचं चेरीचं झाड तोडलं आणि खरं बोलून कबूल केलं, ही दंतकथा अमेरिकेत पोरासोरांना पाठ असते. आपल्याला ती माहीत नसेल तर इथे डोकं चालवून काही सापडत नाही. अंगणातलं झाड चेरीचं नाही, कुमक्वाटचं आहे. त्याची फळं नारिंगी. होगीकडून लाल रंगाचा डबा त्या झाडावर वापरा, मग वॉशिंग्टनशी चेरीच्या झाडाचा विषय काढा. तो कुऱ्हाड घेऊन निघतो आणि तिकडे लॅव्हर्न धपकन खाली पडते. क्रम उलटा केलात, म्हणजे रंग न लावता नुसत्या गप्पा मारल्यात, तर काहीच होत नाही. बहुतेकजण अडकतात ते इथेच.

याच काळात पुढे पाऊस पाडावा लागतो. त्यासाठी काय करायचं ते सांगत नाही, एवढंच म्हणतो की जूनमध्ये गाडी चकाचक धुऊन रस्त्यावर आणलेल्या पुणेकराला हे कोडं सोडवून द्यावं लागणार नाही.

एक इशारा. याच खेळातल्या एड या पात्राच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर 1987 चा 'मॅनिॲक मॅन्शन' हा गेम अख्खाच्या अख्खा खेळता येतो, आणि त्याचे नियम कडक आहेत. 'टेंटॅकल'मध्ये तुम्ही मरत नाही, कायमचे अडकतही नाही. 'मॅन्शन'मध्ये दोन्ही होतं. पोहण्याच्या तलावातलं पाणी सोडून दिलंत आणि वेळेत परत भरलं नाहीत, तर खालची अणुभट्टी तापून घरासकट सगळे जातात. तिथे दर दहा मिनिटांनी सेव्ह करा, आणि एकाच नावावर नाही, वेगवेगळ्या.

'मंकी आयलंड'च्या स्पेशल एडिशनमध्ये जुनं चित्र लावलं की पात्रांचे आवाज बंद होतात. स्पीकर तपासले, सगळं ठीक आहे. दुसऱ्या भागात धबधब्याजवळचा पंप बंद कसा करायचा?
– एक वाचक, सदाशिव पेठ

स्पीकरचा दोष नाही. 1990 च्या मूळ खेळात आवाज नव्हतेच. 2009 च्या आवृत्तीत ते फक्त नव्या चित्रासोबत जोडलेले आहेत, एफ-10 ने जुन्यात गेलात की नुसती अक्षरं. दुसऱ्या भागाच्या 2010 च्या आवृत्तीत ही चूक सुधारली. तिथे जुनं चित्र आणि नवे आवाज एकत्र चालतात.

पंपाचं कोडं कुप्रसिद्ध आहे, आणि दोष तुमचा नाही. आपण ज्याला पाइप पाना म्हणतो, तसल्या एका पान्याला अमेरिकेत 'मंकी रेंच' म्हणतात. सगळं कोडं या एका श्लेषावर उभं आहे. वुडटिक गावातल्या बारमध्ये पियानो वाजवणारं माकड आहे. पियानोवरच्या ताल धरणाऱ्या यंत्रावर केळं लावा. माकड त्याकडे टक लावून थिजतं. ते माकडच उचलून खिशात टाका आणि फॅट बेटावर धबधब्याच्या वर जाऊन पंपावर पान्यासारखं वापरा. पाणी थांबतं, मागचा बोगदा उघडतो. सुताराच्या दुकानात पाना शोधत बसलेल्या खेळाडूवर हा सरळसरळ अन्याय आहे.

'ग्रिम फँडँगो रीमास्टर्ड'मध्ये माणसं सुबक दिसतात, पण मागचं दृश्य धूसर आणि ताणल्यासारखं. ग्राफिक्स कार्ड बदलावं का?
– एक वाचक, बिबवेवाडी

पैसे वाचवा. 1998 च्या मूळ गेममध्ये पात्रं त्रिमितीय होती, पण मागची दृश्यं आधीच तयार करून 640 बाय 480 ठिपक्यांत साठवलेली चित्रं होती. 2015 मध्ये पात्रांचा पृष्ठभाग आणि त्यांच्यावर पडणारा उजेड सुधारला, संगीत वाद्यवृंदाकडून पुन्हा वाजवून घेतलं; मागची चित्रं मात्र तीच राहिली. कार्ड कितीही भारी घ्या, नसलेले ठिपके ते आणणार कुठून? ताणलेपण मात्र जातं : सेटिंगमध्ये रुंद पडद्याऐवजी 4:3 निवडा, दोन्ही बाजूंना चौकट येईल आणि नायक मॅनी पुन्हा हडकुळा दिसू लागेल. मूळ खेळ फक्त कीबोर्ड किंवा जॉयस्टिकवर होता, रीमास्टरमध्ये माउस चालतो; तोच वापरा.

आणि ऑटोसेव्हच्या भरवशावर राहू नका. वळवाचा पाऊस सुरू झाला की वीज कधी जाईल सांगता येत नाही, घरचा कॉम्प्युटर यूपीएसवर नसेल तर प्रत्येक कोडं सुटल्यावर हाताने सेव्ह करा.

माळ्यावर 'टेंटॅकल' आणि पहिल्या 'मंकी आयलंड'च्या मूळ सीडी सापडल्या. लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही. त्या चालतील का, की रीमास्टर विकत घ्यावा?
– एक वाचक, निगडी

चालतील. यूएसबीचा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह तापकीर गल्लीत मिळेल. सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. ओरखडा ट्रॅकच्या दिशेने गेला तर वाचणं अवघड होतं. मग स्कमव्हीएम हा, जुने गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारा फुकट प्रोग्रॅम उतरवून घ्या.

'टेंटॅकल'साठी तीन फाइली एका फोल्डरमध्ये कॉपी करायच्या : टेंटॅकल नावाच्या दोन, ज्यांचा शेवट 000 आणि 001 ने होतो, आणि मॉन्स्टर नावाची तिसरी, शेवट एसओयू. तिसरी राहिली तर खेळ चालतो, पण पात्रं मुकी होतात. 'मंकी आयलंड'च्या सीडीची गंमत वेगळी. तिच्यातलं संगीत फाइलींत नाही, गाण्याच्या सीडीसारखं वेगळ्या ट्रॅकवर आहे. नुसत्या फाइली कॉपी केल्या तर सगळं मुकाट चालतं. ते ट्रॅक ऑडिओ रिप करणाऱ्या, म्हणजे सीडीवरचं संगीत फाइलींत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमने काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवावे लागतात.

चालू झाल्यावर पात्रं बुटकी, पसरट वाटली तर कंट्रोल, ऑल्ट आणि ए एकत्र दाबा. हे खेळ 320 बाय 200 ठिपक्यांचे, पण जुन्या 4:3 मॉनिटरवर तोच ठिपका रुंदीच्या 1.2 पट उंच दिसायचा. आजचा पडदा ठिपका चौकोनी दाखवतो, म्हणून चित्र चेपतं. दुरुस्ती केल्यावर ते 320 बाय 240 च्या मापात येतं. अगदी काटेकोर हवं असेल तर ठिपका रुंदीला पाचपट, उंचीला सहापट करावा लागतो, म्हणजे 1600 बाय 1200. साध्या 1080 ओळींच्या पडद्यावर ते मावत नाही, 1920 बाय 1200 च्या लॅपटॉपवर बरोब्बर बसतं. सेव्ह करायला कंट्रोल आणि एफ-5.

'टेंटॅकल'चा रीमास्टर घ्यायचा तर निर्मात्यांची टिपणं ऐकण्यासाठी घ्या. चित्रांसाठी सीडी पुरे.

मुलगी आठवीत आहे. तिला असा एखादा गेम दाखवायचा आहे, पण खर्च न करता आणि चोरीचाही नको.
– एक वाचक, वारजे

'बिनीथ अ स्टील स्काय', 1994 चा. 2003 पासून निर्मात्यांनीच तो मोफत केला आहे, स्कमव्हीएमच्या साइटवर मिळतो. सुरुवातीला तुमच्याबरोबर जोई हा रोबोट असतो. अडलात तर आधी त्याला विचारा, उत्तरांची पानं नंतर उघडा. मात्र या खेळात नायक मरतो, तेव्हा सेव्ह कसं करायचं ते मुलीला पहिल्यांदा शिकवा.