सीट रेसिंगची, पट्टा कंपनीचा: वाचकांचे प्रश्न

गाडीची मूळ सीट काढून रेसिंगची सीट बसवली आणि सीटबेल्ट मात्र कंपनीचाच ठेवला, अशा जोडणीबद्दल बरेच प्रश्न साठले होते. बहुतेकांनी सीटबद्दल विचारलंय, पट्ट्याबद्दल थोड्यांनीच. मी उत्तरं देताना पट्ट्याकडे जास्त बघितलं आहे, कारण धडकेत माणसाला धरून ठेवायचं काम त्याचं. सीटने त्या कामात आडवं येऊ नये, एवढंच.

प्रश्न: पाठ न कलणारी बकेट सीट बसवली. बसायला झकास आहे, पण दोन्ही बाजूंच्या कडा उंच असल्यामुळे कमरेचा पट्टा कडेवरून जातो आणि मांडीपासून थोडा वर राहतो. घट्ट ओढला की चालेल ना?

नाही चालणार. घट्ट ओढलात तर तो कडांवर घट्ट बसेल, तुमच्यावर नाही.

तीन बिंदूंचा, म्हणजे गाडीला तीन ठिकाणी जोडलेला, कंपनीचा हा नेहमीचा पट्टा निल्स बोलिन यांनी व्होल्व्होसाठी तयार केला आणि १९५९ मध्ये तो गाड्यांत आला. त्याची सगळी हुशारी एका गोष्टीत आहे: धडकेचा जोर शरीराच्या भक्कम हाडांवर घ्यायचा. वर गळ्याजवळचं हाड आणि छातीचा पिंजरा, खाली कमरेची हाडं. कमरेवर हात ठेवलात की पुढच्या बाजूला दोन टोकं बोटांना लागतात. खालचा पट्टा त्या टोकांच्या खाली, मांडी सुरू होते तिथे टेकलेला हवा. तुमच्या सीटमध्ये तो एका कडेवरून दुसऱ्या कडेवर पुलासारखा गेलाय. समोरून धडक बसली की शरीर आधी मधली मोकळी जागा ओलांडणार आणि मग पट्ट्याला भिडणार. तेवढ्यात कंबर खालून पुढे निसटली, तर पट्टा हाडावरून सुटून पोटावर चढतो. याला सबमरीनिंग म्हणतात. मग मार बसतो तो आतडी, यकृत, प्लीहा आणि पाठीच्या कण्याच्या खालच्या मणक्यांना.

कंपनीच्या सीटची बैठक पुढच्या बाजूला उचललेली असते आणि फोमखाली पत्र्याचा चढ दिलेला असतो. तो मांड्यांना आराम मिळावा म्हणून नाही, ही घसरण अडवण्यासाठी असतो. बाजारातल्या प्रत्येक रेसिंग सीटमध्ये तो असेलच असं नाही. त्यात बसायला टणक लागतं म्हणून वरून जाड उशी टाकली, तर परिस्थिती आणखी बिघडते. धडकेत उशी चेपते आणि तेवढाच पट्टा सैल पडतो.

गाडी उभी असताना तपासून बघा. कंबर पूर्ण मागे टेकवून बसा, पट्टा लावा, खांद्याकडचा भाग वर ओढून कमरेवरचा सैलपणा काढा. आता कमरेच्या हाडापासून बाजूच्या कडेपर्यंत पट्ट्याखालून हात फिरवा. तळहात आरामात आत जात असेल, तर सीट आणि पट्ट्याचं जमत नाही. मग दार उघडून कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. खालचा पट्टा कमरेपासून मागे आणि खाली उतरताना दिसला पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियम क्र. १४ नुसार पुढच्या सीटसाठी हा कोन साधारण ३० ते ८० अंशांत असावा लागतो, बकलच्या, म्हणजे पट्टा जिथे अडकवतो त्या कुलपाच्या, बाजूला किमान ४५. पट्टा जितका आडवा, तितकी कंबर निसटायची भीती जास्त.

उपाय दोनच. मांडीजवळच्या कडा बुटक्या असलेली सीट घ्यायची, नाहीतर कमरेच्या उंचीवर दोन्ही बाजूंना खाच असलेली आणि त्या खाचेतून मूळ पट्टा आत घ्यायला उत्पादकाने लेखी परवानगी दिलेली सीट घ्यायची. खाचेच्या धारेवर गुळगुळीत पट्टी बसवलेली हवी, नाहीतर पट्टा रोज थोडा थोडा घासत राहतो. आणि कृपा करून कडा करवतीने कापू नका. असे प्रताप बघायला मिळतात. कडा गेली की शेलचा, म्हणजे सीटच्या टणक कवचाचा, ताठरपणाही गेला.

प्रश्न: जुन्या सीटबरोबर बकलही निघालं, कारण ते सीटलाच होतं. फिटर म्हणतो, गाडीच्या तळाला भोक पाडून मोठा वॉशर घालून बसवून देतो. करू का?

त्याला नको म्हणा.

आजच्या बऱ्याच गाड्यांत बकल सीटच्या सांगाड्याला असतं, म्हणजे सीट पुढेमागे केली तरी पट्ट्याची मांडणी तीच राहते. सीट बदलली की बकल अनाथ होतं, आणि या सगळ्या फेरफारातलं सगळ्यात धोक्याचं काम इथेच होतं. वर सांगितलेल्या नियमात पट्ट्याच्या जागांची ताकद तपासताना खांद्याच्या आणि कमरेच्या भागावर प्रत्येकी १३,५०० न्यूटन ओढ लावतात, म्हणजे जवळजवळ पावणेचौदाशे किलो वजन लटकवल्यासारखं. बकल सीटलाच असेल, तर सीटच्या वजनाच्या २० पट बळ आणखी लावतात. तळाचा पत्रा या ओढीसाठी केलेलाच नसतो. वॉशर कितीही मोठा घ्या, पत्र्यासकट वर येईल.

तुमच्या गाडीच्या नेमक्या मॉडेलसाठी बनवलेला बेस, म्हणजे सीटखालचा सांगाडा, घ्या, ज्यात बकलची जागा आधीच दिलेली आणि तपासलेली आहे. रेलला घरी वेल्डिंग केलेली पट्टी म्हणजे असा बेस नव्हे. मूळ बोल्टच परत वापरा किंवा त्याच दर्जाचा नवा घ्या. अनेक गाड्यांत पट्ट्याचा बोल्ट ७/१६ इंची असतो, इंचाला २० आटे. डब्यातला जवळपासच्या मापाचा मेट्रिक बोल्ट त्यात कोंबला की एकदोन आटे धरतात, हाताला घट्ट लागतो, आणि सगळ्यांना वाटतं काम झालं.

बकल बसवल्यावर ते कुठे येतं तेही बघा. ते कमरेच्या बाजूला, खाली राहायला हवं. पोटावर आलं किंवा सीटच्या टणक कडेवर आडवं टेकलं, तर धडकेत ते कडेवर वाकून तुटू शकतं. लांबी पुरत नाही म्हणून जोडपट्टी लावायची कल्पना तिथेच सोडून द्या.

प्रश्न: नवी सीट लावल्यापासून एअरबॅगचा दिवा पेटलेला असतो. छोटा रेझिस्टर लावला की दिवा जातो म्हणतात.

दिवा जातो, एअरबॅग येत नाही.

तुमच्या मूळ सीटच्या पाठीत, दाराच्या बाजूला, छातीसाठीची एअरबॅग होती. ती सीटबरोबर गेली. सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरमध्ये रेझिस्टर लावला की गाडीच्या संगणकाला वाटतं एअरबॅग जागेवर आहे. ही फसवणूक संगणकाची नाही, उद्या ती गाडी विकत घेणाऱ्याची आहे. शिवाय हाच दिवा समोरच्या एअरबॅगमधला खरा बिघाडही दाखवतो.

सीटखाली आणखीही तारा असतात. माणूस बसलाय का, पट्टा लावलाय का, सीट किती पुढे आहे, हे सांगणारे सेन्सर असतात. काही गाड्यांत बकलच्या दांड्यातच बारूद भरलेला प्रीटेन्शनर असतो; धडक बसताच तो बकल खाली खेचून पट्टा आवळतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी बॅटरी काढा आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेला वेळ थांबा. त्या तारांना मल्टिमीटर लावून बघायचा मोह आवरा, कारण मीटरच्या प्रवाहानेसुद्धा एअरबॅग फुटू शकते.

रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत बाजूची एअरबॅग घालवून बकेट सीट आणणं हा माझ्या मते तोट्याचा सौदा आहे. बाजूची धडक सांगून येत नाही.

प्रश्न: मग पट्ट्याची कटकटच नको. रेसिंग सीट आहे, तर चार बिंदूंचा हार्नेस लावतो. तो जास्त सुरक्षित ना?

हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय, म्हणून थोडं सविस्तर.

चार बिंदूंच्या साध्या हार्नेसमध्ये, म्हणजे दोन्ही खांद्यांवरून येणाऱ्या शर्यतीच्या पट्ट्यात, खांद्यावरचे दोन्ही पट्टे मधल्या बकलला जोडलेले असतात. छाती पुढे झेपावली की ते बकल वर खेचतात, आणि बकलबरोबर कमरेचा पट्टा हाडावरून पोटावर जातो. पुन्हा तेच सबमरीनिंग, फक्त महागडं. म्हणूनच शर्यतीच्या हार्नेसमध्ये पायांमधून खाली जाणारे एक-दोन पट्टे असतात; ते बकल खाली धरून ठेवतात आणि त्यासाठी बैठकीत खाच असलेली सीट लागते. श्रोथ कंपनीच्या एएसएम प्रकारात यावर वेगळी तोड काढली आहे: एका खांद्याच्या पट्ट्यात शिवलेली घडी असते, धडकेत ती उसवते आणि शरीर तीन-बिंदू पट्ट्यासारखं किंचित वळतं. पण तोही मंजुरी असलेल्या गाड्यांपुरताच.

पुढचा प्रश्न, मागे बांधणार कुठे? सोपी जागा म्हणजे मागच्या सीटच्या पट्ट्याचे खालचे बोल्ट. तिथे बांधलं की खांद्यावरून पट्टे तिरके खाली उतरतात आणि धडकेत खांदे खाली दाबतात. तो दाब सरळ कण्यावर येतो. एफआयए या जागतिक मोटर-शर्यत संघटनेच्या नियमात हा उतार आडव्या रेषेपासून ४५ अंशांच्या वर नको आणि शक्यतो १० अंशांच्या आत हवा. ते साधायला खांद्यामागे आडवा बार लागतो, बार आला की रोल केजचा, म्हणजे गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणाऱ्या नळ्यांच्या पिंजऱ्याचा, विचार येतो, आणि केजच्या नळ्यांजवळ हेल्मेटशिवाय डोकं ठेवून रोज गाडी चालवणं हा वेगळाच धोका.

आणि मान. हार्नेस धडाला खिळवून ठेवतो, डोकं मोकळंच असतं. सगळा झटका मानेवर आणि कवटीच्या तळावर येतो. अमेरिकन शर्यतपटू डेल अर्नहार्ट २००१ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत वारले ते कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरने. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॅस्कार या अमेरिकन शर्यत संघटनेने डोकं बांधून ठेवणारं साधन सक्तीचं केलं, आणि फॉर्म्युला वनमध्ये २००३ पासून हान्स हे असंच साधन सक्तीचं झालं. रस्त्यावर तुम्ही हेल्मेट आणि हान्स घालून भाजी आणायला जाणार नाही.

तीन-बिंदू पट्ट्याची तऱ्हा निराळी. तो आधी आवळतो, मग लोड लिमिटरने मोजून थोडा सैल सोडतो आणि छाती एअरबॅगकडे सोपवतो. समोरची एअरबॅग हे गृहीत धरूनच फुगते. तेव्हा रस्त्यावर कंपनीचा पट्टा, ट्रॅकवर हेल्मेट आणि हान्ससह सहा बिंदूंचा हार्नेस. दोन्ही एकाच गाडीत असू द्या, एकाच वेळी अंगावर नकोत.

प्रश्न: सीटच्या खांद्याजवळ भोकं आहेत. कंपनीचा खांद्याचा पट्टा त्यातून ओवला तर तो घसरत नाही. ठीक आहे का?

ती भोकं हार्नेससाठी आहेत. त्यातून ओवलेला पट्टा दोनदा वळतो, रीळावर नीट गुंडाळत नाही आणि सैल राहतो. धडकेत शेलची कड त्याला चिरूही शकते. पट्टा पुढच्या दारामागच्या खांबावरच्या कडीतून सरळ खांद्याच्या मध्यावर यायला हवा. सीट खूप खाली बसवली असेल आणि पट्टा गळ्याला घासत असेल, तर आधी कडीची उंची बदलून बघा, नाहीतर सीट वर घ्या. सीट खाली नेताना आणखी एक मोजमाप घ्या: स्टिअरिंगच्या मध्यापासून छातीच्या हाडापर्यंत किमान २५ सेंटीमीटर.

प्रश्न: सीटवर एफआयएचं लेबल आहे. मग एवढी काळजी कशाला?

लेबल खरं असेल तर सीट चांगलीच आहे. पण लेबलवर एफआयएचं ८८५५-१९९९ हे मानक असो किंवा ८८६२-२००९, त्या चाचण्यांत तुमच्या गाडीचा तीन-बिंदू पट्टा कुठेच नसतो. तारीखही बघा: पहिल्या प्रकाराची मुदत उत्पादनापासून ५ वर्षं, दुसऱ्याची १०.

प्रश्न: मुलाची सीट पुढच्या बकेट सीटवर बसवता येईल का? आणि मागे बसणाऱ्यांचं काय?

पुढे नको. उंच कडांमध्ये मुलाची सीट सपाट टेकत नाही आणि पट्ट्याने आवळली जात नाही. मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर आणि डोक्यासमोर आता फोमऐवजी टणक शेल आहे, हे लक्षात घ्या. घरची गाडी असेल तर या एका कारणासाठीही मूळ सीट राहू द्यावी.

प्रश्न: वापरलेली फायबरची बकेट सीट मिळते आहे. घेताना काय बघू?

कव्हर आणि उश्या काढायला लावा. विकणारा काढू देत नसेल तर व्यवहार तिथेच संपला. बोल्टच्या भोकांभोवती आणि कमरेजवळच्या वळणावर टॉर्चचा उजेड तिरका पाडून बघा. तिथे पांढुरकी केसासारखी रेघ, भोक लांबुळकं झालेलं, किंवा नव्या रंगाचा एकच ठिपका दिसला, तर सीटने एकदा तरी जोर सोसलेला आहे. पाठीचा वरचा भाग धरून पुढेमागे हलवा आणि कान लावा. कुरकुर ऐकू आली तर आतले थर सुटलेत. बाजूचे ब्रॅकेट स्टीलचे असतील तर ३ मिलिमीटर आणि हलक्या मिश्रधातूचे असतील तर ५ मिलिमीटर जाडीपेक्षा कमी नकोत, आणि बोल्ट ८ मिलिमीटरचे तरी हवेत. शर्यतीच्या नियमात हीच किमान मापं आहेत. तडा गेलेल्या शेलला वरून फायबरचा थर चढवून देणारे भेटतील. ती सीट दिसायला नवी होते, तिची ताकद परत येत नाही. घेऊ नका.