वायफाय डोंगलचा लिनक्स ड्रायव्हर स्वतः लिहिला तर कायद्याची अडचण येते का?

तुम्ही विचारलंय, कंपनी कागदपत्रं देत नाही, तर चाचपडत स्वतःच ड्रायव्हर (डोंगल चालवणारा प्रोग्राम) लिहिला तर कोणी कोर्टात खेचेल का. कोर्टापर्यंत प्रकरण जातच नाही हो. घोडं त्याच्या आधीच अडतं. माझं कुठे अडलं ते सांगतो.

२०१३च्या सुमारास इंदूरला एका छोट्या कंपनीत होतो. आमच्या यंत्रात वायफायची चिप होती आणि तिच्या ड्रायव्हरचा सोर्स (मूळ कोड) पुरवठादाराने पेनड्राइव्हवर दिलेला. प्रत्येक फाइलच्या माथ्यावर 'गोपनीय', आणि एनडीएवर, म्हणजे गुप्ततेच्या करारावर, आमच्या सगळ्यांच्या सह्या. तीच चिप असलेलं डोंगल सिल्व्हर मॉलमध्ये मेहुण्याच्या दुकानात साडेचारशेला मिळालं. लिनक्सवर मढं. मला चेव आला.

रामबागेतल्या घरी, जेवणं झाली की व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज चालवायचं आणि यूएसबीवरून काय येतंय-जातंय ते यूएसबीमॉनने टिपायचं. चिपमधल्या कुठल्या रजिस्टरमध्ये (आकडा ठेवायच्या कप्प्यात) कुठला आकडा गेला, सगळं शंभरपानी वहीत. तीन महिन्यांनी एका रात्री अडीचला स्कॅन चालला आणि खालच्या काकूंच्या राउटरचं नाव पडद्यावर उमटलं. बायकोला उठवलं. ती म्हणाली, "फोनवर तर रोजच दिसतं की."

कॅलिब्रेशन, म्हणजे चिपचं रेडिओ नीट जुळवून घेणं, मात्र मधूनमधून फसायचं. विंडोजमध्ये ते एकदाही फसलं नव्हतं, त्यामुळे फसल्यावर काय करायचं ते वहीत कुठेच नव्हतं. मला ठाऊक होतं: एका रजिस्टरचा सातवा बिट शून्य करून परत एक करायचा. ऑफिसच्या सोर्समध्ये वाचलेलं. घातला आणि पॅच (कोडमधली भर) लिनक्सवाल्यांना पाठवला.

तपासणाऱ्याने अगदी सभ्यपणे विचारलं, हा बिट कुठून मिळाला? लिनक्समध्ये पॅचखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' लिहावं लागतं. लिनक्समध्ये आपला कोड घुसलाय असं म्हणणाऱ्या एससीओ कंपनीच्या खटल्यानंतर, २००४ मध्ये, ही पद्धत आली. हे मी लिहिलंय किंवा द्यायचा मला हक्क आहे, असं नावानिशी सांगणं. दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग पॅच मागे घेतला.

मेहुणा अजून ऐकवतो. "भाऊजी, एक बिट काय कोणाच्या बापाचा असतो? मोठं सोवळं तुमचं!" असतंच सोवळं. ब्रॉडकॉमच्या चिपसाठी लोकांनी तेच पाळलं: एका गटाने मूळ ड्रायव्हर उलगडून नुसतं वर्णन लिहिलं, दुसऱ्याने मूळ कोडकडे न बघता त्या वर्णनावरून ड्रायव्हर लिहिला. म्हणून तो २००६ मध्ये कर्नलमध्ये, लिनक्सच्या गाभ्यात, बसला. २००७ मध्ये ओपनबीएसडी या दुसऱ्या खुल्या प्रणालीच्या एकाने त्यातला जीपीएल परवान्याचा (घेतलात तर त्याच अटींवर खुला ठेवा, असं सांगणारा) कोड आपल्या अर्धवट ड्रायव्हरमध्ये घेतला, तर एवढी बोंबाबोंब झाली की त्याने कामच सोडलं. भांडले कोण? दोन्हीकडचे ओपन सोर्सवालेच.

तुमच्याकडे कंपनीचा सोर्स नसेल तर बिनधास्त लिहा. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(एबी) एका प्रोग्रामला दुसऱ्याशी जुळवण्यापुरती माहिती काढू देतं, ती सहज मिळत नसेल तर. एनडीए हा करार, त्याचा हिशेब वेगळा. फर्मवेअरचं, म्हणजे चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामचं, लोढणं राहतंच: ते वाटायची परवानगी नसते, म्हणून बी४३ला (ब्रॉडकॉमच्या चिपच्या लिनक्स ड्रायव्हरला) कंपनीच्या ड्रायव्हरमधून फर्मवेअर कापून काढणारं अवजार करावं लागलं. आणि 'रेडिओची ताकद लोकांच्या हातात गेली तर सरकार आम्हाला धरेल' हे कंपन्यांचं पालुपद थोडं खरं, बाकी निमित्त. एथेरॉस या चिपच्या कंपनीने २००८ मध्ये हॅलचा (ड्रायव्हरमधल्या, चिपशी थेट बोलणाऱ्या भागाचा) सोर्स खुला केला, आभाळ कोसळलं नाही.

माझ्या चिपचा ड्रायव्हर दोन वर्षांनी दुसऱ्याच कोणीतरी दिला. कॅलिब्रेशन फसलं की तो अख्खी चिप बंद करून परत चालू करतो. सेकंदभर जास्त लागतो, बस्स. सातव्या बिटाची गरजच नव्हती, पण तो बघून बसल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही. हे मेहुण्याला सांगितलेलं नाही.

मी वकील नाही, नोकरीत असाल तर आधी करारपत्र काढून वाचा. आणि एकाच नावाच्या डब्यात कंपन्या गुपचूप चिप बदलतात, तेव्हा एलएसयूएसबी (जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी देणारी लिनक्सची आज्ञा) चालवून जो आयडी येईल तो खाली टाका, ड्रायव्हर आधीच असला तर तुमचे तीन महिने वाचतील.